अस्वलाच्या ताटात काय आहे ते बघा, मग तारखा ठरवा

ग्रेट बेअर रेनफॉरेस्टला जायचंय असं कोणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "मग ते पांढरं अस्वल दिसणार ना?" आणि लगेच दुसरा, "पण तेव्हा पाऊस नसेल ना?" दोन्हीची उत्तरं इथेच देऊन टाकते. पहिल्याचं उत्तर असं की ते कोणीच सांगू शकत नाही, आणि जो खात्री देतो त्याच्याकडे बुकिंग करू नका. दुसऱ्याचं उत्तर, असणार, भरपूर असणार, आणि पाऊस नको असेल तर वर्षावनात कशाला जायचं हे मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतक्यांदा टाइप केलंय की आता कीबोर्डच पुढचा शब्द सुचवतो.

तर हे जंगल म्हणजे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा मधला आणि वरचा किनारा. साधारण ६४ लाख हेक्टर. एक गेट, एक तिकीट खिडकी, आत जीप असा प्रकार नाही. हजारो बेटं, आत घुसलेल्या खोल खाड्या, मध्येच उभे डोंगर, सीडार, हेमलॉक आणि सिट्का स्प्रूसची झाडं आणि त्यातली काही सीडार हजार वर्षांची. नव्वदच्या दशकात इथल्या लाकूडतोडीवरून मोठं भांडण झालं, ते बरीच वर्षं चाललं आणि शेवटी २०१६ साली ठरलं की ८५ टक्के जंगलाला व्यापारी तोडीचा हात लागणार नाही, उरलेल्या १५ टक्क्यांत कडक नियमांनी तोड होईल. त्यात अनेक छोटीमोठी राखीव क्षेत्रं आहेत आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. त्यामुळे "तिकडे जाणार" म्हणजे नक्की कुठे हे आधी ठरवावं लागतं, आणि कुठे हे ठरतं कधी जाणार त्यावरून, आणि कधी हे ठरतं अस्वल त्या वेळी काय खातंय त्यावरून. लोक नेमकं उलटं करतात, सुट्टी कधी मिळते ते बघतात आणि मग जुलैच्या शेवटी जाऊन "काहीच दिसलं नाही" म्हणत परत येतात.

अस्वलं हिवाळा झोपेत काढून बाहेर येतात तेव्हा अंगावरची चरबी संपलेली असते आणि नदीत मासे आलेले नसतात. मग ती खाडीच्या टोकाला, जिथे नदीने आणलेल्या गाळाचं सपाट दलदलीचं मैदान झालेलं असतं, तिथे उतरतात, कारण तिथे लव्हाळं उगवतं. कोवळं असताना त्यात प्रथिनं भरपूर असतात, पुढे ते जून झालं की अस्वलांचा त्यातला रस संपतो. त्यामुळे मे-जूनमध्ये एवढं धिप्पाड ग्रिझली, म्हणजे तिथलं तपकिरी अस्वल, खाली मान घालून गायीसारखं तासन्‌तास चरताना दिसतं. मधूनच डोकं वर करतं, हिरवा लाळेचा धागा लोंबत असतो, इकडेतिकडे वास घेतं आणि परत चालू. हाच त्यांचा माजाचा काळही असतो, म्हणून मोठे नर एरवी दिसत नाहीत ते तेव्हा उघड्यावर येतात.

हे बघायचं असेल तर खुत्झेमतीन. प्रिन्स रूपर्ट या किनाऱ्यावरच्या शहरापासून ईशान्येला साधारण ४५ किलोमीटरवर, १९९४ साली खास ग्रिझलींसाठी राखून ठेवलेलं, कॅनडात या प्रकारचं पहिलंच. अंदाजे पन्नास ग्रिझली आहेत तिथे. आणि नियम मला फार आवडला, की पाहुण्यांनी जमिनीवर पाय ठेवायचा नाही. परवानाधारक गाईडच्या बोटीत बसून खाडीतूनच बघायचं, किनारा अस्वलांचा. काही जणांना हे ऐकून निराशा होते, पण खरं तर त्यामुळेच तिथली अस्वलं बोटीकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि ज्या अस्वलाला तुमची फिकीर नाही तेच बघण्यात मजा आहे ना, पळून जाणाऱ्या अस्वलाची पाठ बघायला एवढ्या लांब कोण जाईल.

मग जुलैचा दुसरा पंधरवडा ते ऑगस्टचा बराचसा भाग जरा अडनिडा असतो. लव्हाळं जून झालेलं, मासे अजून नीट यायचेत, अस्वलं बेरी खायला झाडीत पांगलेली. हवा मात्र तेव्हाच सगळ्यात छान! म्हणून तर लोक फसतात. व्हेल बघायचे असतील तर ऑगस्ट उत्तम, हंपबॅक जोरात असतात, पण अस्वलांसाठी मी तरी तेव्हा जाणार नाही.

ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत साल्मन. आता इथे पावसाचा मुद्दा येतो आणि हा कृपया ग्रुपवरच्या सगळ्यांनी नीट वाचा. हे मासे अंडी घालायला समुद्रातून येतात आणि नदीच्या तोंडाशी थांबतात. छोट्या ओढ्यांत पाणी कमी असेल तर वर चढता येत नाही. पाऊस पडला, पाणी वाढलं, की झुंडीने वर घुसतात, आणि त्यांच्या मागे अस्वलं. म्हणजे तुमच्या ट्रिपच्या आधी चार दिवस धो धो पाऊस झाला तर ते तुमचं नशीब समजा. २०२२ साली तिथे शरद ऋतूत पाऊसच आला नाही तेव्हा बेला बेला गावाजवळच्या नीकस क्रीक या ओढ्यात हजारो साल्मन अंडी घालायच्या आधीच उथळ पाण्यात मरून पडले होते. त्याचे फोटो बघितले की "पाऊस नसेल ना" हा प्रश्न परत विचारावासा वाटत नाही.

मासे भरपूर असले की अस्वलाचे नखरे सुरू होतात. पकडलेला मासा काठावर किंवा झाडीत नेतं, एका पंजाखाली दाबतं, डोकं फोडून मेंदू खातं, मादी असेल तर पोटातून गाबोळी, जमलं तर कातडी सोलून, आणि उरलेला मासा तसाच टाकून परत पाण्यात. वाया गेलं असं वाटतं, पण जात नाही. कावळे, गरुड, किडे सगळे त्यावर येतात आणि बाकीचं मातीत मुरतं. व्हिक्टोरिया विद्यापीठातले टॉम रायमखेन यांनी बरीच वर्षं हेच शोधलं, की समुद्रातून आलेला नायट्रोजन या झाडांच्या खोडात सापडतो, कारण समुद्रातल्या नायट्रोजनमध्ये जड प्रकाराचं प्रमाण जास्त असतं आणि ते झाडाच्या वर्तुळांत मोजता येतं. म्हणजे आपण जे झाड बघून "वा काय हिरवंगार" म्हणतो त्यात थोडा मासा आहे, आणि तो अस्वलाने उचलून आणलेला आहे. मला या सगळ्या ट्रिपमध्ये हे बघायचंय. अस्वल मासा पकडतानाचे फोटो सगळीकडे आहेत, मला ते मासा घेऊन झाडीत शिरताना बघायचंय.

आता पांढरं अस्वल, कारण त्याच्याबद्दल लिहिलं नाही तर कमेंटमध्ये तेच येणार. स्पिरिट बेअर म्हणजे ध्रुवीय अस्वल नाही आणि अल्बिनोही नाही, साधं काळं अस्वलच, फक्त आई आणि बाप दोघांकडून तो एक जीन आला तर पिल्लू पांढरट होतं. त्यामुळे दोन काळ्याभोर अस्वलांना पांढरं पिल्लू होऊ शकतं. प्रिन्सेस रॉयल आणि ग्रिबेल या बेटांवर त्यातल्या त्यात जास्त. आणि एक मजेशीर अभ्यास आहे, त्यात असं दिसलं की दिवसाउजेडी मासे पकडण्यात पांढरं अस्वल काळ्यापेक्षा जास्त यशस्वी ठरतं, बहुतेक पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला पांढरं अंग आभाळासारखं वाटत असावं. २००६ पासून तो प्रांताचा अधिकृत प्राणीही आहे. बघायला जायचं तर क्लेमटू किंवा हार्टली बे ही गावं. पहिलं किटासू हायहाईस या मूळनिवासी लोकांचं, दुसरं गिटगाट या मूळनिवासी लोकांचं, आणि गाईडही त्याच समाजांचे. क्लेमटूचा लॉज तर त्या समाजाच्याच मालकीचा आहे. या लोकांनी आणि शेजारच्या हेल्टसुक वगैरेंनी ग्रिझलीच्या हौशी शिकारीविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवला, २०१७ च्या शेवटी प्रांताने ती बंद केली. त्यामुळे पैसे खर्च करायचेच असतील तर ते तिथे जावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पण पैसे! लॉजचं तीन-चार रात्रींचं पॅकेज माणशी काही हजार कॅनेडियन डॉलर होतं, वर व्हँकुव्हरहून बेला बेलाचं छोटं विमान, आणि जागा वर्षभर आधी भरतात. आम्ही चौघं. दादाने आकडा बघितला आणि म्हणाला, "एवढ्यात दिसलं नाही तर?" मी म्हटलं, "दादा, तू हे असं विचारणार असशील तर तिथे जायलाच नको." चिडून नाही म्हटलं, खरंच म्हटलं. एवढा खर्च करून पाच दिवस एकाच पांढऱ्या ठिपक्याची वाट बघत बसलं की समोरचा बाकी सगळा सिनेमा सुटतो.

म्हणून आम्ही बेला कूला ठरवलंय, सप्टेंबरचा मध्य. तिथे स्पिरिट बेअर नाही, ग्रिझली आहेत. हे नुहाल्क लोकांचं खोरं. तिथे गाडीने जाता येतं, विल्यम्स लेकपासून हायवे २० ने साधारण साडेचारशे किलोमीटर, आणि शेवटी तो प्रसिद्ध घाट, नुसतं "द हिल" म्हणतात त्याला. कच्चा रस्ता, काही ठिकाणी १८ टक्के चढ. सरकार रस्ता करत नव्हतं म्हणून गावकऱ्यांनीच दोन्ही टोकांकडून बुलडोझर लावून १९५३ साली तो जोडला. दादा हे वाचल्यापासून अस्वलं विसरलाय, त्याला फक्त घाट दिसतोय. घाट उतरून आलं की ट्वीड्सम्युअर पार्कमध्ये अटनार्को नदीच्या काठावर बेलार्को नावाचं निरीक्षणस्थळ आहे, सप्टेंबरमध्ये कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली उघडं असतं. शिवाय गाईडबरोबर नावेतून नदीवर शांतपणे वाहत जायच्या ट्रिप असतात, वल्ही फक्त दिशा द्यायला. ती एक घेणार. आणि एक दिवस थॉर्सन क्रीकची दगडांवरची जुनी चित्रं, तीही नुहाल्क गाईडबरोबरच.

सामानाचं थोडक्यात. गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट, महागड्या ट्रेकिंग शूजपेक्षा हे कामाचे. रेनकोट खरोखरचा, वरखाली दोन्ही. जीन्स आणि कॉटन घरी ठेवा, ओलं झालं की वाळत नाही. दुर्बीण १० बाय ४२ पेक्षा ८ बाय ४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगाची) घ्या, नावेत हात हलतो तेव्हा फरक कळतो आणि झाडीच्या अंधारात उजेडही जास्त मिळतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत तेच, तिथे उजेड कमी असतो, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवायची लाज बाळगू नका. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा, विमानात नेता येत नाही, ना हातात ना चेक-इनमध्ये, तिकडे घ्यायचा आणि तिकडेच सोडायचा. आणि खाऊ खिशात ठेवायचा नाही, गाडीतही उघडा ठेवायचा नाही, हे वहिनीला खास, कारण तिच्या प्रत्येक पर्समध्ये काहीतरी असतंच.

मधल्या वेळात वर बघायला विसरू नका. मार्बल्ड मरलेट नावाचा छोटासा समुद्रपक्षी आहे, दिवसभर समुद्रात मासे मारतो आणि अंडं घालतो आत जंगलात, जुन्या झाडाच्या फांदीवरच्या शेवाळाच्या गादीवर. शास्त्रज्ञांना उत्तर अमेरिकेत त्याचं झाडावरचं पहिलं घरटं १९७४ साली मिळालं, तेही कॅलिफोर्नियात एक जण झाडावर चढला होता म्हणून. फांदीवर एवढं जाड शेवाळ साठायला शतकं लागतात, म्हणजे जुनी झाडं गेली की समुद्रातला पक्षी बेघर.

गाईडला फोन कराल तेव्हा अस्वल दिसेल का हे विचारू नका. विचारा, या वर्षी पिंक साल्मन (साल्मनची एक जात) कसे आहेत. पिंकचं आयुष्य दोनच वर्षांचं, त्यामुळे सम आणि विषम वर्षांतले मासे वेगळ्या घराण्यांतले, एका वर्षी नदी भरलेली आणि पुढच्या वर्षी निम्मी असं होऊ शकतं. दुसरं विचारा की नावेत किती माणसं. तिसरं, हवेमुळे रद्द झालं तर पैसे परत की पुढची तारीख. या तीन प्रश्नांना जो न कंटाळता उत्तर देतो तो बरा.

राहता राहिला परतीचा दिवस. हायवे २० वर १ ऑक्टोबरपासून हिवाळी टायर सक्तीचे होतात आणि भाड्याच्या गाडीला ते असतीलच असं नाही, त्यामुळे दादा कितीही म्हणाला की अजून दोन दिवस वाढवू, तरी ३० सप्टेंबरच्या आत घाट चढून वर यायचं हे मी आत्ताच लिहून ठेवतेय.