चावी फिरवण्याआधी बोटाला टोचणी

सकाळी इन्सुलिन घेतलं आणि नाश्ता अंधेरीला पोहोचल्यावर करू म्हणून राहू दिला. चूक तिथेच झाली. मुलुंडहून निघालो, तर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पवईला ही गर्दी. एसी चालू असूनही कपाळावरून घाम निथळायला लागला. पुढच्या गाडीचे लाल दिवे एकमेकांत मिसळल्यासारखे दिसत होते. मागून कुणी हॉर्न वाजवला, तर उतरून त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. शेजारी बसलेली लेक म्हणाली, "बाबा, तू जड जिभेने बोलतोयस. गाडी डावीकडे घे."

गाडी बाजूला घेतली, चावी काढली, बोट टोचलं. 54. रक्तातली साखर 70च्या खाली गेली की त्याला हायपो म्हणतात. तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घालून प्यायलो, 15 मिनिटं थांबलो, पुन्हा टोचलं तर 88. वर बिस्किटं खाल्ली आणि निघू म्हटलं. लेक चावी देईना! डॉक्टर मॅडम नंतर म्हणाल्या, तिचंच बरोबर होतं. साखर वर आली तरी मेंदू ताळ्यावर यायला वेळ लागतो; पाऊण तास तरी स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

त्याच वर्षी मला पन्नास पूर्ण झाली आणि लायसन्सचं नूतनीकरण आलं. चाळिशीनंतर फॉर्म 1, म्हणजे आपल्या तब्येतीबद्दल आपणच लिहून द्यायचा फॉर्म, आणि त्यासोबत डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म 1-ए लागतो. फॉर्म 1 मध्ये मधुमेहाचा वेगळा प्रश्न नाही. पण अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का, हे विचारलंय. आणि शेवटी, तुमच्या गाडी चालवण्यामुळे लोकांना धोका होईल असा दुसरा काही आजार आहे का? एजंट म्हणाला, "सगळीकडे 'नाही' करा, साहेब." पवईचा तो घाम आठवला आणि पेन पुढे सरकेना. फॉर्म तसाच घेऊन मॅडमकडे गेलो.

त्यांनी नुसती सही केली नाही, याचं मला आजही मोल वाटतं. हायपोची चाहूल आधी लागते का, वर्षभरात कुणाला मदत करावी लागली का, हे खोदून विचारलं. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून आणायला लावली. तळव्यांना नायलॉनचा बारीक तंतू टेकवून, "कळतंय का?" असं प्रत्येक ठिकाणी विचारलं. पाय बधिर असेल तर ब्रेक किती दाबला गेला हे कळणार कसं? इन्सुलिनची वेळ आणि जेवण यांची सांगड घालून दिली, दोन महिन्यांच्या नोंदी पाहिल्या आणि मगच सही केली.

आता निघण्याआधी टोचतो. 90च्या खाली असेल तर आधी खातो. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पुन्हा टोचतो. ग्लुकोज हाताशी, डिकीत नाही. इन्सुलिनचं पेन मात्र गाडीत ठेवून जात नाही. मे महिन्यात बंद गाडीची भट्टी होते.

लायसन्स पोस्टाने आलं, साठीपर्यंतचं. त्याच संध्याकाळी ठाण्याला जायचं होतं. मशीनवर 84 आलं. लेकीने पर्समधून केळं काढून दिलं, ते खाऊन साखर वर येईपर्यंत आम्ही बिल्डिंगखाली गाडीतच बसून राहिलो.