फॉरमॅट मारण्याआधी

आमच्या आर्णी-दिग्रसकडे कॉम्प्युटर हळू झाला की एकच इलाज सांगतात: फॉरमॅट मारा, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाका. मावसभावाच्या ऑनलाइन सेंटरवर तो इलाज आधीच होऊन गेला होता. २०२५ चा जुलै, पीक विम्याची गर्दी, लोक सातबारा घेऊन ओट्यावर बसलेले, अन् ब्राउझर काही उघडेना.

"काहून बाप्पा, आता नवाच घ्या लागते का?" भाऊ म्हणाला.

"थांब, पाहू तं दे."

टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर निवांत, डिस्क मात्र कामात १०० टक्के अडकलेली. निम्मं निदान तिथंच झालं. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामनं हार्ड डिस्कला पिवळा इशारा दिला. खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या निकामी जागा, वाढत होते. अशा डिस्कवर कितीही वेळा विंडोज टाका, चार दिवस बरं वाटतं. आधी कामाच्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या. गावभराची आधार कार्डं डेस्कटॉपवर उघडी पडली होती, ते आणखी वेगळंच दुखणं. मग एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, बसवली आणि विंडोज तिच्यावर नव्यानं टाकलं. मरणाऱ्या डिस्कची नक्कल करण्यात अर्थ नव्हता. ४ जीबी रॅमच्या जोडीला तेवढीच जुनी डीडीआर३ पट्टी मिळाली.

खरी मजा डबा उघडल्यावर आली. सेंटरच्या मागेच जिनिंग आहे. प्रोसेसरच्या पंख्याखाली रुई आणि काळ्या मातीच्या धुळीचा असा थर जमला होता की बोटानं उचलला तर अखंड निघाला, गोधडीच्या तुकड्यासारखा. प्रोसेसरची उष्णता वर पोचवणारी खालची थर्मल पेस्ट वाळून खडखडीत. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो; आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर, त्यात ही गोधडी! पंखा बोटानं धरून ब्लोअर मारला, नवी पेस्ट लावली.

रोज सकाळी 'साइट सुरक्षित नाही' असं यायचं, त्याला भाऊ नेटचा दोष समजायचा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला होता. रात्री बटण बंद केलं की घड्याळ कित्येक वर्षं मागं जायचं, अन् चुकीच्या तारखेला साइटचं प्रमाणपत्र मान्य होत नाही. किरकोळ किमतीचा सेल, बदलला.

माझा राग आहे तो पुढच्या भागावर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. भावाचा चौथ्या पिढीचा. चांगलं चालणारं यंत्र कागदावर भंगार झालं! तरी आधार अन् पैशाचं काम बिनअपडेटच्या मशीनवर करू नये, म्हणून सेंटरसाठी आठव्या पिढीचा वापरलेला पीसी घ्यायला लावला. जुन्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम टाकून तो अभ्यासिकेत ठेवला. पोलीस भरतीची पोरं त्यावर सराव पेपर सोडवतात. स्टार्ट बटण कुठं आहे, एवढंच पहिल्या दिवशी विचारलं.