मसिंदीचा हापसा आणि तांबडं पाणी

कंपालाहून मर्चिसन फॉल्सला जाणारे बहुतेक प्रवासी मसिंदीत गाडीची टाकी भरतात आणि पुढे निघतात. मी तिथून आतल्या वाड्यांकडे वळलो. पिवळ्या, 20 लिटरच्या जेरीकॅनची रांग आणि रांगेच्या टोकाला चक्क आपला हापसा! युगांडात त्याला यू-टू म्हणतात. मूळचा तो इंडिया मार्क टू, आणि त्याचे पूर्वज जालना पंप आणि सोलापूर पंप. त्यामुळे साखळीची खडखड ओळखीचीच.

सकाळी मात्र काही हापशांना तांबडं पाणी येतं. चहा काळा पडतो, कपड्यांवर डाग बसतात, मग बाया पुन्हा उघड्या डबक्यावर जातात. दुपारी तपासणीला कोणी आलंच, तर तोवर पाणी निवळलेलं असतं आणि कागदावर हापसा 'चालू'. या शेऱ्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

पाणी तांबडं करणारं लोह जमिनीतलं की पाइपचं, हे पांढऱ्या बादलीत कळतं. हापसा रात्रभर बंद ठेवायचा. पहाटेचं पहिलं पाणी बाजूला काढायचं, मग न थांबता हापसत राहायचं. बोअरमधून पाणी वर आणणाऱ्या सव्वा इंची पाइपात मीटरमागे साधारण 1 लिटर पाणी मावतं. म्हणजे 30 मीटरचा पाइप दीड जेरीकॅनमध्ये रिकामा. त्यानंतर पाणी झपाट्यानं निवळलं तर दोषी पाइप. तासाभरानंतरही तांबडंच राहिलं तर लोह बहुधा जमिनीतलं, तिथे पाइप बदलून काही होणार नाही.

पाणी आम्लधर्मी होऊन त्याचा पीएच 6.5 च्या खाली गेला की जस्ताचा मुलामा टिकत नाही. मग जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप आटे असतात तिथे आधी कुजतो, भोक पडतं, जेरीकॅन भरायला जास्त हापसावं लागतं. शेवटी जोड तुटून खालचा सगळा सांगाडा, तळाशी पाणी ओढणाऱ्या सिलिंडरसकट, बोअरमध्ये. 2016 मध्ये युगांडा सरकारने हातपंपांसाठी जीआय पाइप बंद केले, ते यामुळेच.

पर्याय पीव्हीसी किंवा स्टेनलेस. स्टेनलेस घेताना लोक लोहचुंबक लावून पाहतात. त्याचा उपयोग नाही, कारण 200 मालिकेतलं हलक्या प्रतीचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटत नाही. प्रत प्रयोगशाळेतच तपासावी. आणि पैसे वाचवायला नव्या स्टेनलेस पाइपात जुनेच जीआय रॉड (हापशाचा दांडा सिलिंडरला जोडणाऱ्या सळ्या) सोडू नयेत: दोन धातू एकाच पाण्यात आले की रॉड आणखी लवकर गंजतात आणि पाणी पुन्हा तांबडं.