टिहुआनाच्या रेवोलुसिओन रस्त्यावर : जाणाऱ्यांसाठी

सॅन डिएगोच्या डाउनटाउनमधून ट्रॉलीची ब्लू लाइन पकडायची आणि शेवटच्या स्टेशनावर, सॅन इसिड्रोला उतरायचं. समोरच सीमा. पलीकडे मेक्सिकोतलं टिहुआना शहर. तिथे चालत शिरायला फारसा वेळ लागत नाही. पासपोर्ट दाखवून प्रवेशाची नोंद मात्र करून घ्या. गर्दीत कोणी अडवलं नाही तरी स्वतः खिडकीवर जा, कारण पुढे कोणी कागद मागितले तर हीच नोंद कामी येते.

अमेरिकेत आपल्यापैकी बरेच जण एच-वन या नोकरीच्या व्हिसावर किंवा विद्यार्थी व्हिसावर असतात, म्हणून हे आधीच सांगतो. अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्टातला शिक्का संपलेला असेल आणि हातात नुसता मुदतवाढीचा कागद असेल, तर या वाटेला जाऊ नका.

सीमेपासून आवेनिदा रेवोलुसिओन या पर्यटकांच्या मुख्य रस्त्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे. वाटेत नदीचा सिमेंटने बांधलेला पाट लागतो आणि जुना बाजार लागतो. बाजारातले कितीतरी गाळे बंद दिसले. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा हे गाव मोठं झालं. १९२८ साली इथे आग्वा काल्येंते हा कॅसिनो उघडला, हॉलिवूडची मंडळी यायची. १९३५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी जुगारबंदी केली आणि तो बंद पडला. सीझर सॅलडचा जन्म १९२४ साली इथेच झाला असं सांगतात, आणि त्या नावाचं रेस्टॉरंट रेवोलुसिओनवर आजही चालू आहे. झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेली गाढवंही फोटोसाठी उभी असतात, पण आम्ही गेलो तेव्हा गाडीवाल्यांकडे गिऱ्हाईक नव्हतं.

पर्यटनाच्या या ओहोटीची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. २००१ च्या हल्ल्यानंतर सीमेवरच्या रांगा लांबल्या. २००८ मध्ये अमली पदार्थांचा धंदा करणाऱ्या आरेयानो फेलिक्स टोळीत फूट पडली आणि रस्त्यांवर प्रेतं पडू लागली. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली, आणि त्याच वर्षी अमेरिकन नागरिकांना परतताना पासपोर्टसारखी कागदपत्रं दाखवणं सक्तीचं झालं. शनिवारी रात्री सहज येणारी तरुण पोरं यायची थांबली. पुढे हिंसाचार ओसरला आणि पुन्हा उसळला. २०१८ या एका वर्षात शहरात अडीच हजारांहून जास्त खून झाले. २०२३ मध्ये महापौर मोन्सेरात काबायेरो यांना धमक्यांमुळे लष्करी तळावर राहायला जावं लागलं.

हे खून बहुतेक करून गल्लीबोळातल्या अमली पदार्थांच्या विक्रीवरून होतात आणि त्यात मरतात ती तिथलीच माणसं. पाहुण्याचा प्रश्न वेगळा असतो : गणवेशातला माणूस. जानेवारी २००७ मध्ये मेक्सिकोच्या केंद्र सरकारने सैन्य पाठवून इथल्या पोलिसांची शस्त्रंच तपासणीसाठी काढून घेतली होती. नंतर हुलियान लेयसाओला या माजी सैनिकी अधिकाऱ्याने दलाची सफाई केली, तर त्यांच्यावरच छळाचे आरोप झाले. माझं ठाम मत आहे की गोळीबाराच्या बातम्यांइतकाच या रस्त्याचा घात पोलिसांच्या पाच-पन्नास डॉलर उकळण्याने केला आहे. ज्याची एकदा लुबाडणूक झाली तो परत येत नाही आणि मित्रांनाही येऊ देत नाही. मार बसतो तो वेटरला, गाढवगाडीवाल्याला, हॉटेलात चादरी बदलणाऱ्या बाईला.

आमच्यासोबतच्या एकाला अंधार पडल्यावर एका आडगल्लीत गणवेशातल्या दोघांनी अडवलं. पिशवी उपसली, पाकीट मागितलं, “दंड” इथेच भरा म्हणाले. त्याने पाकीट हातातून सोडलं नाही. गुन्हा असेल तर पावती द्या, नाहीतर न्यायाधीशापुढे न्या, एवढंच तो शांतपणे म्हणत राहिला. थोड्या वेळाने ते निघून गेले. दर वेळी असंच होईल याची हमी नाही. समोरचा हात उगारत असेल किंवा शस्त्र दाखवत असेल तर पैसे देऊन सुटा, जीव महत्त्वाचा. एरवी नाव आणि गाडीचा क्रमांक लक्षात ठेवा. पर्यटकांच्या मदतीसाठी ०७८ आणि तातडीसाठी ९११ हे क्रमांक आहेत. पोलिसांना निमित्तही देऊ नका : रस्त्यावर बाटली उघडायची नाही, गांजा बाळगायचा नाही. गाडी नेत असाल तर डिकीत बंदुकीची एक गोळीसुद्धा राहिलेली नसावी, त्यावरून तुरुंगवास होतो. रोकड थोडी आणि दोन खिशांत वाटून ठेवा.

रेवोलुसिओनच्या उत्तरेला, कमानीपलीकडे, झोना नोर्ते सुरू होते. कोआविला गल्लीतला देहविक्रीचा धंदा पाहायला म्हणून लोक जातात. जाऊ नका. तिथे फसवून आणलेल्या मुली असतात, आणि शहरातल्या सर्वांत हिंसक वस्त्यांत ही वस्ती मोडते.

औषधाच्या दुकानांबद्दलही सावध करतो. सुट्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. २०२३ मध्ये अशा दुकानांतल्या गोळ्यांत फेंटानिल आणि मेथ हे जहाल अमली पदार्थ सापडल्याचं उघड झालं. तिथे एक चुकीची गोळी जीव घेऊ शकते.

मग जायचं कशाला? सहाव्या गल्लीसाठी. पर्यटक आटल्यावर गावातल्या तरुणांनी ही गल्ली, काये सेक्स्ता, आपलीशी केली. तिथले बार त्यांच्यासाठी चालतात, त्यामुळे कोणी हात धरून आत ओढत नाही. पासाहे रोद्रिगेस या जुन्या बोळात चित्रकारांची, पुस्तकांची छोटी दुकानं आहेत, भिंती रंगवलेल्या आहेत. ते बघायला दुपार राखून ठेवा. बिल पेसोत द्या, डॉलरचा दर दुकानदार आपल्या सोयीने लावतो. अंधारात सीमेपर्यंत चालू नका, ॲपवरून उबर बोलवा.

परतीची रांग ही खरी परीक्षा आहे. रविवारी संध्याकाळी पायी रांगेतही तास मोडतात. सीमेवरचा प्रतीक्षेचा वेळ दाखवणारं अमेरिकी सीमा विभागाचं ॲप निघण्याआधी बघा. मूळ पासपोर्ट, आय-९४ या अमेरिकेतल्या प्रवेश-नोंदीची प्रत, आणि नोकरी किंवा कॉलेजचे कागद हाताशी ठेवा. विद्यार्थ्यांनी आय-ट्वेंटी या कॉलेजच्या फॉर्मवर प्रवासासाठीची सही आहे ना, हे सॅन डिएगोतच तपासून निघावं.