मिजेटची टकटक: मे ते जुलै

मागच्या नोंदीत सिलचं (दाराखालच्या पट्टीचं) वेल्डिंग संपलं होतं, दोन्ही दारं एका बोटानं लागत होती आणि आता नुसती चालवायची, असं मी लिहिलं होतं. पंधरा दिवस चालवली. मग मेच्या एका दुपारी, दोनच्या उन्हात, सांगलीच्या माधवनगर रोडला गाडीनं दोन आचके दिले आणि उभी राहिली.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: गाडी १९६८ची एमजी मिजेट, छोटी ब्रिटिश दोन-सीटर. १२७५ सीसीचं ए-सिरीज इंजिन, दोन एसयू एचएस-२ कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे). पेट्रोलचा पंप विजेवरचा, मागे डिकीखाली. चावी फिरवली की तो भराभर टक-टक करत कार्ब्युरेटरच्या वाट्या भरतो, आणि त्या भरल्या की गप्प होतो. मी ऐकायला सुरुवात तिथूनच करतो. टक नाहीच, तर वीज पोचत नाही किंवा पंपाचे पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) गेले. दोन-चार टक होऊन गप्प झाला आणि तरी इंजिन उपाशी, तर पुढे कुठेतरी अडलंय. टकटक थांबतच नाही, तर पंप हवा ओढतोय.

त्या दुपारी टकटक थांबत नव्हती, आणि टाकी निम्मी भरलेली होती.

टाकी आणि पंपामधली रबरी नळी काढली. बाहेरून ठीक दिसत होती. वाकवल्यावर केसासारख्या चिरा उघडल्या. आत बोट घातलं तर अस्तर शाईसारखं बोटाला लागलं. फिल्टरमध्ये काळा भुगा. मला धक्का याचा बसला की ही नळी मी २०२२ मध्ये नवी बसवली होती. साधी काळी नळी, दुकानात सहज मिळते ती.

नळीचं वय झालं नव्हतं. पेट्रोल बदललं होतं. २०२२ मध्ये त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल होतं, फेब्रुवारी २०२३ पासून काही पंपांवर २० टक्क्यांचं यायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे झालं. साध्या रबराला ते मानवत नाही. रबर आधी फुगतं, मग सुटायला लागतं. उसाच्या मळीपासून होणारं हे इथेनॉल आपल्या जिल्ह्यात काही परकं रसायन नाही. गाळप सुरू असताना रात्री वारा फिरला की मळीचा वास आमच्या गच्चीवर येतो. मामांचा ऊस कारखान्यालाच जातो. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आमच्या उसानंच तुझी गाडी बंद पाडली म्हण की!" मी म्हटलं, "नाही मामा, नळीनं पाडली." आणि मला ते खरंच तसं वाटतं. पेट्रोल आता हेच राहणार. गाडी चालवायची तर तिच्यातलं रबर या पेट्रोलला झेपणारं हवं.

म्हणून सगळंच काढलं. नळ्या 'आर-९' छाप असलेल्या घेतल्या. त्यांचं आतलं अस्तर फ्लोरोरबरचं असतं. छाप नळीवरच असतो, तो स्वतः वाचल्याशिवाय घेऊ नका. महाग आहे, पण बहुतेक वाट लोखंडी पाइपाची असल्यानं मला दीड मीटरसुद्धा लागली नाही. वाटीपासून जेटकडे (जिथून पेट्रोल हवेत ओढलं जातं ते छिद्र) जाणाऱ्या नायलॉन नळीच्या टोकाची रबरी सील, वाटी भरली की पेट्रोल बंद करणारा नीडल व्हॉल्व्ह आणि पंपाचा पडदा इंग्लंडहून मागवला. यात तीन आठवडे गेले.

जूनच्या पहिल्या रविवारी चावी फिरवली. टकटक सुरू, आणि पुन्हा थांबेना. मी हवेची गळती शोधत मागे पंपाशी बसलो होतो. तेवढ्यात पुढून पेट्रोलचा वास आला. पुढच्या कार्ब्युरेटरची वाटी भरून वाहत होती. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात, म्हणजे कार्ब्युरेटर थेट एक्झॉस्टच्या डोक्यावर. इंजिन थंड होतं म्हणून निभावलं. नळ्या बदलल्या, पण लोखंडी पाइप मी धुतला नव्हता. आतला जुना भुगा पुढे सरकून नव्या नीडलच्या बैठकीत अडकला होता. तेव्हा वरच्या यादीत भर घाला: टकटक थांबत नसेल तर आधी बॉनेट उघडा, पंपाकडे मग जा. आता अग्निशामक सिलिंडर पायाशी बांधलाय, डिकीत नाही.

पाइप धुतला, पंपाच्या पुढे फिल्टर घातला. मग गाडी मिरजेला चाचांकडे, म्हणजे माझ्या मेकॅनिककडे नेली. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे. दोन कार्ब्युरेटर सारखे ओढतात का, हे ते अजून रबरी नळी कानाला लावून, सुस्कारा ऐकून ठरवतात. तंबोऱ्याच्या गावात असा कान असावा, याचं मला फार अप्रूप आहे.

मिश्रणाचा हिशोब मात्र आम्ही कागदावर केला. शुद्ध पेट्रोलच्या १ भागाला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. कार्ब्युरेटरला हे कळायची सोय नाही, तो पूर्वीइतकंच पेट्रोल देतो. म्हणजे मिश्रण काहीसं पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं, आणि म्हणून इंजिन तापट चालतं. प्लग पांढरे पडले होतेच. जेटखालचं षटकोनी नट खाली नेलं की मिश्रण दाट होतं. एका वेळी एकच बाजू, म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग. मग कार्ब्युरेटरमधला पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलून बघायचं: वेग वाढून तसाच राहिला तर दाट, इंजिन मरायला लागलं तर पातळ, किंचित वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. "साहेब, दोन बाजू बास. तिसरी प्लग बघून," चाचा म्हणाले. तिसरी लागली नाही.

एक्झॉस्टची धग कार्ब्युरेटरला लागू नये म्हणून कुपवाड एमआयडीसीतून दोन मिलिमीटर ॲल्युमिनियमची उष्णतारोधक पट्टीही कापून आणली. ती बसवायला अर्धा तास पुरला.

पावसाळ्याचं एक राहिलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसतात. २०१९च्या पुरात आयर्विन पुलाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, तेव्हा ही गाडी एका हळदीच्या गोदामात पाण्याखाली होती. माझ्याकडे आली तेव्हा सीटखालच्या गाळाला हळदीचा वास होता. त्या टाकीत पुन्हा पाणी साचू द्यायची माझी तयारी नाही. आता टाकी काठोकाठ भरून ठेवतो, दर रविवारी फिरवतो, आणि महिन्यातून एकदा तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरतो. जुलैची बाटली एकरंगी निघाली.

गेल्या रविवारी पावसानं उघडीप दिली, तेव्हा दंडोबाचा चढ चढवली. वर पोचल्यावर मुद्दाम बंद करून दहा मिनिटं बॉनेट न उघडता थांबलो. तापलेली गाडी पुन्हा सुरू न होण्याचं जुनं दुखणं अशाच वेळी डोकं वर काढायचं. चावी फिरवली, आठ टक मोजले, पंप गप्प झाला आणि पहिल्या झटक्याला इंजिन लागलं. घरी येऊन प्लग काढले, चारही बिस्किटी रंगाचे. उतरताना पुढचा डावा लिव्हर आर्म डँपर (जुन्या पद्धतीचा शॉक ॲब्झॉर्बर) मात्र तेल गाळायला लागलाय. या आठवड्यात तो उतरवतोय.