साथीला कसली आलीय तयारी?

प्रश्न साधारण असा येतो: "तुम्ही तर तबल्याच्या साथीलाच असता. गाणाऱ्या ताई. मग दौरा जवळ आला की तुम्ही असे गायब का होता? इतकी वर्षं वाजवताय, आता कसली तयारी करायची राहिलीय?" विचारणारे काही वाईट नसतात. नातेवाईक असतात, शिष्यांचे आईवडील असतात, हल्ली मुलाखत घ्यायला आलेले लोकही हेच विचारतात. मी आजवर "रियाज, दुसरं काय!" म्हणून सुटका करून घेत आलो. पण ते उत्तर खरं नाही. तुम्ही ज्याला रियाज समजता, म्हणजे कायदे, रेले, तुकडे, चक्रदार अशा तबल्याच्या बांधीव रचना, ते सगळं दौऱ्याआधी मी जवळजवळ बंद करतो.

मी ठेका वाजवतो, म्हणजे तालाचे ठरलेले बोल. विलंबित, म्हणजे संथ, एकताल. धिं धिं धागे तिरकिट तू ना कत् ता धागे तिरकिट धी ना. संपलं. पुन्हा तेच. तबला शिकायला आलेल्या पोराला सुरुवातीलाच मिळतो तोच ठेका.

यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो ते मला पाठ आहे. म्हणून थोडं मोजून सांगतो. अतिविलंबित ख्यालात बारा मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे ठेक्याची एक फेरी, मिनिटाच्या आसपास जातं. म्हणजे एका मात्रेला चार-पाच सेकंद. दोन ठोक्यांमध्ये दोनेक सेकंदांहून जास्त अंतर पडलं की माणसाला ती लय म्हणून जाणवेनाशी होते, नुसती वाट बघणं उरतं. त्यामुळे प्रत्येक मात्रा आतल्या आत चार तुकड्यांत मोजावी लागते, आणि आपण मोजतोय हे हातात उतरू द्यायचं नसतं. उतरलं की ठेका खडखडतो. असं अर्धा-पाऊण तास. तोवर गाणारी व्यक्ती कुठेही जाऊन येते, कारण समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, मी असणार हे तिने धरूनच चाललेलं असतं. ओलांडताना उंबऱ्याकडे कोणी बघत नाही. ठेच लागली की मात्र शिव्या उंबऱ्यालाच.

"साथीलाच" म्हणताना तुमच्या आवाजात जो 'च' असतो, त्याबद्दलही एकदा बोलून घेतो. अहमदजान थिरकवाँ म्हणजे एकल तबल्याचा केवढा मोठा माणूस. त्यांनी बालगंधर्वांच्या नाटकांत पदांना साथ केली होती. ते करताना त्यांना कमीपणा वाटला असेल असं मला वाटत नाही. मला वाटतो का? कधीकधी. द्रुतात, म्हणजे जलद भागात, चार आवर्तनं मोकळी मिळाली आणि टाळ्या पडल्या की बरं वाटतं, हे मी कशाला लपवू?

सामानाची तयारी असतेच, पण त्यात सांगण्यासारखं थोडं. पुडीवरच्या, म्हणजे वरच्या चामड्यावरच्या, काळ्या शाईमुळे तबल्याला सूर मिळतो, नाहीतर ताणलेल्या चामड्यातून नुसता आवाज निघतो; सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच त्यावर लिहिलं होतं. सूर मिळतो खरा, पण तो हवेच्या हाती असतो. कोरड्या, गरम केलेल्या सभागृहात पुडी आवळते आणि सूर चढतो, दमट हवेत उतरतो. ताई काळी चार या पट्टीत गातात, पण दौऱ्याच्या उत्तरार्धात गळा थकला की "आज पांढरी पाच", म्हणजे अर्धा सूर खाली, असा निरोप येतो, म्हणून दोन दायां (उजव्या हाताचे तबले) बरोबर हवेत. दायां हातातल्या बॅगेत, डग्गा आणि हातोडी खालच्या सामानात, कारण हातोडी घेऊन विमानात कोणी बसू देत नाही. सामान मागे राहिलं की माझ्याकडे तबला असतो आणि तो सुरात लावायला काही नसतं. खोड शिसमाचं. २०१७ मध्ये शिसमाच्या सगळ्या जाती साइटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या निर्बंधांखाली आल्या. २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. पण काउंटरवरच्या माणसाला ती सूट ठाऊक असेलच असं नाही, म्हणून कागद जवळ ठेवायचे. हे सगळं यादी करून उरकतं. यासाठी कोणी गायब होत नाही.

गायब होण्याचं कारण एका संध्याकाळी घडलं. ते मी आजवर फार थोड्यांना नीट सांगितलंय. बाकीच्यांपर्यंत ते आपोआप पोचलं, तेही वाकडं होऊन.

परदेशातला मोठा दौरा होता, ताईंबरोबरचाच. सभागृह पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी बांधलेलं. अशा सभागृहात आवाज दोनेक सेकंद रेंगाळतो. व्हायोलिनांना ते शोभतं, पण तिरकिटाचा त्यात चिखल होतो. त्यात कडाक्याची थंडी, आत हीटर. आवाजाची चाचणी घेताना लावलेला तबला मैफलीच्या वेळी चढलेला होता, मला लोकांसमोर बसून गट्ठे (चामड्याचा ताण बदलणारे लाकडी ठोकळे) ठोकावे लागले. उजव्या गुडघ्याजवळच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे आम्हाला ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरमध्ये, तानपुरे भरपूर आणि ताई जेमतेम. मी खूण केली, ध्वनियंत्रणेवरच्या मुलाने मान हलवली, बदललं काहीच नाही. ताईंच्या मॉनिटरमध्ये माझा डग्गा किती होता, ते मला आजही माहीत नाही. कळलं असतं तर पुढचे निम्मे प्रश्न मिटले असते.

पूरिया कल्याण. बडा ख्याल. सुरुवात छान झाली. मग कधीतरी, ख्याल ऐन रंगात येत असताना, ताईंनी आलाप मध्येच थांबवला, मान माझ्याकडे वळवली आणि तोंडासमोरचा माइक तसाच ठेवून म्हणाल्या, "लय... जरा धरून."

तीन शब्द. सभागृहातल्या बहुतेकांना भाषा कळत नव्हती. पुढच्या दोन-तीन रांगांना कळत होती, आणि त्या रांगांतून एक छोटं हसू आलं. वाईट हसू नव्हतं, जाणकारांचं होतं, ते जास्त लागतं. माझे कान तापले. तानपुऱ्यावरच्या मुलीने नजर खाली घातली. पुढची सम कशी आली ते मला आठवत नाही. आली एवढं खरं, कारण ताई पुढे गायल्या. द्रुतात त्यांनी मला मोकळीक दिली. मी वाजवलं, टाळ्या पडल्या, शेवटी त्यांनी माझं नाव आवर्जून घेतलं. गाडीत कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी "झोप लागली का?" म्हणून त्यांनी विचारलं. उरलेला दौरा नीट पार पडला. त्या संध्याकाळचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही. मी घरी पोचायच्या आधी गोष्ट पोचली होती. "काय हो, लय पळवली म्हणे!"

पुढे आयोजकांकडून रेकॉर्डिंग आलं. घड्याळ लावून बसलो. सुरुवातीचं आवर्तन चोपन्न सेकंदांचं, त्या तीन शब्दांच्या आधीचं पंचेचाळीस सेकंदांचं. म्हणजे लय चढली होती, यात वाद नाही. वाद आहे तो कोणी चढवली याचा.

माझी बाजू अशी: मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा बंदिशीचा तुकडा, अकराव्या मात्रेपासून उठत होता. दोनदा तो थोडा आधी उठला, स्पष्ट ऐकू येतं. अशा वेळी साथीदार सरकतो. न सरकला तर गाणाऱ्याची सम ठेक्याच्या आधी पडते आणि लोकांना वाटतं, तबला चुकला. मी सरकलो, आणि सरकल्यावर नवी लय तीच झाली. ताईंची बाजू, जी त्यांनी कधीच मांडलेली नाही आणि मीच त्यांच्या वतीने मांडत असतो, अशी: चौथ्या आणि दहाव्या मात्रेवरचं माझं तिरकिट आवर्तनागणिक आखडत गेलंय. तेही स्पष्ट ऐकू येतं. कोंबडी आधी की अंडं, हे रेकॉर्डिंग सांगत नाही.

काही दिवस मी सभागृहावर खापर फोडून बघितलं. मागची भिंत तीसेक मीटरवर. आवाज तिथे जाऊन परत यायला साधारण सेकंदाचा सहावा भाग लागतो. पण मी ताईंना मॉनिटरऐवजी भिंतीवरून ऐकत असेन, तर मला त्या उशिरा ऐकू येणार, आणि लय उतरायला हवी. इथे चढलीय. विज्ञानाने साथ दिली नाही.

तेव्हाचा मी सगळ्यांना सांगत फिरायचो की ताईंनीच चढवली आणि माझ्या अंगावर ढकलली. त्याच्याशी मी आज सहमत नाही. त्यानंतर काही वर्षं मी "चूक माझीच" असं म्हणायला लागलो. ते म्हटलं की लोक भारावतात, केवढा नम्र माणूस म्हणतात. त्याच्याशी तर मुळीच सहमत नाही. तो नम्रपणा मला फार स्वस्तात मिळाला होता.

तेव्हापासून तयारी बदलली, आणि ती बघणाऱ्याला चक्रम वाटते हे मला कबूल आहे. छाती धडधडत असताना बाहेरची लय मंद वाटते आणि हात ती नकळत पुढे ढकलतो. मंचावर धडधड असतेच. म्हणून मी जिने चढतो, धापा टाकत येतो, थेट तबल्यावर बसतो आणि ठेका धरतो. रेकॉर्ड करतो, पण तेव्हा ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी, शांतपणे, घड्याळ लावून ऐकतो. मेट्रोनोम वाजवताना लावत नाही, कारण मंचावर तो नसतो. आवर्तन दोन-तीन सेकंदांनी आखडलेलं निघतं. पुन्हा जिने.

आणि हो, पहाटे चार वाजता खोलीतून ठेका ऐकू येतो तो माझाच. पश्चिमेला लांब गेलं की तिथली संध्याकाळ ही इथली पहाट असते. शरीराचं घड्याळ दिवसाला जेमतेम तासाभराने सरकतं, त्यामुळे पहिल्या दोन-तीन मैफली शरीराच्या हिशेबाने पहाटेच होतात. त्या वेळेला डोकं चार तुकडे मोजायला तयार नसतं. पुडीवर जाड कापड टाकतो, तरी शेजाऱ्यांनी एकदा हळूच चौकशी केलीच.

याचा उपयोग होतो का? छातीठोकपणे सांगता येणार नाही. नंतरच्या दौऱ्यांत लय कधी हललीच नाही असं नाही, कोणी मान वळवली नाही एवढंच. आणि माझं आवर्तन धापेने आखडतं हे सिद्ध झालं, तर त्या संध्याकाळचा निकाल माझ्या विरोधात जातो का? ताईही त्याच मंचावर त्याच धडधडीने बसल्या होत्या, हे माझ्यातला वकील लगेच सुचवतो. शिवाय गायब होणं मला आवडतं, हेही आहे. फोन बंद, कोणाच्या घरचं कार्य नाही. तयारीचं नाव आहे म्हणून कोणी रागावत नाही.

या वेळचा दौरा पुन्हा ताईंबरोबर आहे. पहिल्या तालमीलाच म्हणाल्या, "विलंबित या खेपेला अजून खाली घेऊ या." त्या तीन शब्दांचा यात काही संदर्भ होता का, विचारायची हिंमत झाली नाही. आवर्तन बासष्ट सेकंदांवर लागलं. तिसऱ्या की चौथ्या आवर्तनात मुखडा आधी उठला, निदान मला तसं वाटलं. मी सरकलो नाही. त्यांची सम माझ्या 'धिं'च्या आधी पडली.

"कुठे होतात?" ताई म्हणाल्या.

"समेवर."

त्यांनी पाण्याचा घोट घेतला, तानपुरा पुन्हा लावायला सांगितला, आणि आम्ही नव्याने सुरुवात केली. दुसऱ्यांदा मुखडा जागेवर उठला. की मी सरकलो? ते रेकॉर्डिंग अजून ऐकलेलं नाही. परवा पुन्हा तालीम आहे. तेव्हा सरकायचं की बसून राहायचं, हे मी ठरवलेलं नाही, आणि ताईंनीही ठरवलेलं नसावं असा मला दाट संशय आहे.