सात महिने, तीन चाकू आणि खारा वारा

इथल्या खाऱ्या हवेत कोणता चाकू टिकतो हे बघायला मार्चात सुरुवात केली तेव्हा निकाल माझ्या मनात आधीच लागला होता. जाड पात्याचा दणकट चाकू जिंकणार, बाकीचे दोन नुसते जोडीला. आता पाऊस ओसरत आलाय, देवगडच्या सड्यावरचं गवत पिवळं पडायला लागलंय आणि तो दणकट चाकू गेले दोन महिने जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर पडलाय.

मधूनच वाचायला लागलेल्यांसाठी तिघांची ओळख. पहिला हा माळ्यावरचा: ऑनलाइन मागवलेला, डी-टू नावाच्या कडक पोलादाचा, पाठ पाच मिलिमीटर जाड, फुल टँग (म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं), सोबत चामड्याचं देखणं म्यान. फोटो बघूनच जीव जडला होता, किंमत बघून घरी कोणाला सांगितली नाही. दुसरा स्वीडनचा मोरा कंपॅनियन, स्टेनलेस, पाठ अडीच मिलिमीटर, प्लॅस्टिकची मूठ आणि प्लॅस्टिकचंच म्यान. म्यानासकट वजन सव्वाशे ग्रॅमच्या आत. तिसरा आमच्या वाडीपलीकडच्या लोहाराकडून करून घेतलेला, ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा, साडेतीन मिलिमीटर, शिवणीची मूठ, पितळेचे रिवेट.

तिसऱ्याची थोडी कथा आहे. मेस्त्रींना कागदावर आकृती काढून दाखवली, तर त्यांनी ती उलटसुलट बघितली आणि विचारलं, "ह्यां कित्याक व्हया तुका? घरात कोयती आसा मा?" (हे कशाला हवंय तुला? घरात कोयती आहे ना?) मी बुशक्राफ्ट, म्हणजे मोजक्या हत्यारांवर रानात राहण्याची कला, वगैरे समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण चाकू मात्र मन लावून केला. पातं तापून त्याला लोहचुंबक चिकटेनासं झालं की पाणी द्यायची, म्हणजे ते बुडवून कडक करायची, वेळ आली, असं आपण पुस्तकात वाचतो. मेस्त्री भट्टीशेजारचा दरवाजा लोटून अंधार करतात आणि रंगावरून ओळखतात. मी पाण्याऐवजी तेल वापरा म्हणून आग्रह धरला, तो त्यांनी कुरकुरत मानला. "पानी जास्त लागला तर काचेसारी फुटतली," हे मात्र तेच म्हणाले, तेव्हा वाद माझ्याच बाजूनं सुटला. नंतर ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून घरी आईच्या नकळत ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर दोन तास, दोनदा. पात्यावर गवतासारखा पिवळसर रंग आला. पितळेच्या सळईवर धार कलती ठेवून दाबली, तर ती जराशी वाकून परत जागेवर येते. तुटत नाही, वाकून राहतही नाही. माझं एवढ्यावर समाधान आहे.

धारेची परीक्षा मी सुंभावर घेतली. अशी परीक्षा सहसा मॅनिला दोरावर घेतात, पण तो मी कुठून आणायचा, आणि सुंभ तसाही जास्त निर्दय, त्यात वाळू असतेच. फळीवर ठेवून एका दाबात काप, आणि वर्तमानपत्राचा कागद चरचरत फाटायला लागला की मोजणी बंद. डी-टू १४० कापांपर्यंत गेला, मोरा ६०, मेस्त्रींचा ४५. इथपर्यंत माझा अंदाज अगदी बरोबर होता आणि मी खुशीत होतो.

पहिला ओरखडा एप्रिलमध्ये. अमावास्येच्या उधाणाला ओहोटीही लांबवर जाते, खडक उघडे पडतात, म्हणून कालवं काढायला गेलो. कालवं काढणाऱ्या बायका आपलं ठोकायचं हत्यार घेऊन आल्या होत्या आणि मी पाच मिलिमीटरचा चाकू घेऊन. चौथ्या कालवाला टोक शिंपल्यात घालून पीळ दिला आणि टिक् असा आवाज आला. टोकाचा दोन मिलिमीटरचा तुकडा गेला. चूक माझीच, टोक हे पहारेसारखं वापरायचं नसतं. पण डी-टू घासाला जितकं चिवट तितकं पिळाला नाही, हे वाचलं होतं, आता हातानं कळलं. शेजारची बाई हसली नाही, एवढे उपकार.

टोक दगडावर घासून परत आणलं. त्याला दोन संध्याकाळी लागल्या, कारण हे पोलाद धार सोडत नाही तसंच धार घेतही नाही. मोरा मात्र सात-आठ मिनिटांत परत पाजवून होतो. त्याचा उतार एकच, चपटा आणि रुंद. दगडावर तो उतार टेकला की कोन आपोआप सापडतो, अंधारातसुद्धा.

खरा निकाल लावला तो मिठानं.

मेच्या शेवटी तिन्ही चाकूंनी एकाच दिवशी बांगडे साफ केले, मग समुद्राच्या पाण्यात धुतले, फडक्यानं पुसले आणि मुद्दाम गोडं पाणी न लावता आपापल्या म्यानात घातले. मेस्त्रींच्या चाकूला तेव्हा म्यान नव्हतं, तो पडवीत खुंटीला. आठ दिवस हात लावायचा नाही असं ठरवलं. तेवढ्यात वळवाचे दोन पाऊस झाले.

नवव्या दिवशी डी-टू म्यानातून ओढला तर तो आधी निघेचना. निघाला तेव्हा पात्यावर तांबूस डाग, आणि डाग पुसल्यावर खाली सुईनं टोचल्यासारखे खड्डे. सगळ्यात जास्त खड्डे धारेलगत, जिथे चामडं घट्ट बसतं तिथेच. पडवीत उघडा लटकलेला मेस्त्रींचा चाकू पूर्ण नारिंगी झाला होता, पण तो गंज वरवरचा. राख आणि सोडणाच्या (नारळाच्या सालाच्या) चोथ्यानं घासला, तर दहा मिनिटांत निघाला. मोराच्या पात्यावर मुठीजवळ एक ठिपका.

ह्याच्यावर मी बरंच डोकं खपवलं. डी-टूमध्ये क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून विकणारे त्याला जवळजवळ स्टेनलेस म्हणतात. पण त्यात कार्बन दीड टक्का. तो क्रोमियमला धरून कार्बाइडचे कडक दाणे बनवतो. सुंभावरचे १४० काप ही त्या दाण्यांचीच कृपा, पण दाण्यांत अडकलेलं क्रोमियम गंज अडवायला उरत नाही. माझ्या मोराचं पोलाद १२सी२७, त्यात कार्बन ०.६ टक्के आणि क्रोमियम साडेतेरा. म्हणजे बहुतेक क्रोमियम मोकळं.

हे झालं पात्याचं. पण माझ्या मते डी-टूला मारला तो म्यानानं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाघळतं, हे आपल्या घराघरात माहीत आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. चाकूवर राहिलेल्या मिठाचंही तेच होतं. फडक्यानं पुसून कोरडं केलेलं पातं जून ते सप्टेंबर खऱ्या अर्थानं कोरडं नसतंच. वर चामडं एकदा खारं पाणी प्यालं की मीठ त्याच्यात मुरतं, आणि मग चाकू कितीही धुऊन घातला तरी म्यान त्याला रोज नवं मीठ लावतं. मी ते म्यान गोड्या पाण्यात तीनदा भिजवलं, उंडीचं तेल लावलं (होड्यांना चालतं तर ह्याला का नाही, असा विचार), पण पुढच्या आठवड्यात तेच खड्डे. तेलाचा वास मात्र घरभर महिनाभर होता.

म्हणून जूनमध्ये पाइपाचं म्यान केलं. दोन इंची पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा उभा चिरायचा, गरम करून मऊ झाला की दोन फळ्यांमध्ये चपटा दाबायचा, परत गरम करून पात्याभोवती घडी घालायची. पहिला तुकडा मी निखाऱ्यावर धरला आणि तो करपला. हा गाढवपणा कोणी करू नका. करपणाऱ्या पीव्हीसीतून आम्लाची वाफ निघते, नाकाला झोंबते ती वेगळीच, आणि शेजारी ठेवलेल्या कानशीवर दुसऱ्या दिवशी गंज चढला होता. दुसरा तुकडा अंगणात हीट गननं केला, तो नीट जमला. तळाला सहा मिलिमीटरचं भोक ठेवलं, पाणी गळून जायला. हे भोक आधी तीन मिलिमीटरचं होतं, वाळूच्या दोन दाण्यांनी बुजलं. पात्याभोवती थोडी हवा खेळेल इतकं सैल, उलटं धरलं तरी पडणार नाही इतकं घट्ट. चौथ्या प्रयत्नात साधलं.

तेव्हापासून मेस्त्रींचा चाकू त्या म्यानात आहे. एप्रिलमध्ये त्यानं कच्च्या हापूसच्या दोन टोपल्या लोणच्यासाठी चिरल्या होत्या, तेव्हा पात्यावर निळसर करडा रंग धरला होता, तो गंजाला थोडा अडवतो. मेच्या प्रयोगात तो गेला, म्हणून जुलैत कोकमाच्या आगळात रात्रभर भिजवून परत आणला. जेवणाच्या वस्तूंना चालावं म्हणून वर खोबरेल. पूर्ण पावसाळ्यात गंजाचे ठिपके आले, पण खड्डा एकही नाही.

जुलैतल्या आगीची नोंद थोडक्यात. सुरूची पडलेली फांदी बाहेरून चिंब, आतून बरी. ती कोयतीनं फोडली आणि मोरानं आतल्या भागाचे कुरळे कीस काढले. पातळ पातं लाकडात जसं सरकतं तसं जाड पातं सरकतच नाही, पाचर ठोकल्यासारखं अडतं. कंपॅनियनची पाठ गोलसर येते, तिनं फेरो रॉडवर (घासून ठिणगी पाडायच्या कांडीवर) ठिणगी धड पडत नव्हती. खडबडीत दगडावर पाठीचा इंचभर भाग काटकोनात आणला, मग सोडणाच्या आतल्या काथ्यानं सहाव्या घासाला पेट घेतला. डी-टूला दांडक्यानं ठोकून तीच फांदी फोडूनही पाहिली. फुटली. पण कोयतीनं जे दोन घावांत झालं त्याला वीस ठोके लागले, आणि तेवढ्या वेळात मेस्त्रींचा तो प्रश्न मला तीनदा आठवला.

असे चाकू बाळगणं कायद्यात बसतं का, असं कोणीतरी विचारलं होतं. २०१६च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचे चाकू शस्त्र म्हणून धरलेत, घरगुती आणि शेतीची अवजारं सोडून. माझे तिन्ही साडेचार इंचांच्या आत. तरी सणासुदीला किंवा निवडणुकीत पोलिसांचे मनाई आदेश निघतात, तेव्हा लांबी मोजत बसू नये. मी एसटीनं जाताना चाकू पिशवीच्या तळाशी ठेवतो, कमरेला कधीच नाही.

मेस्त्रींच्या चाकूत एक खोट राहिली, ती सप्टेंबरमध्ये दिसली. पितळेच्या प्रत्येक रिवेटभोवती पोलादावर काळपट कडं पडलंय. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, की त्यातलं पोलाद आधी झिजतं. मूठ ठोकून काढली तर टँगला भोकाभोवती चांगलंच खाल्लेलं. रिवेट पितळेचे हवेत हा हट्टही माझाच, पोलादाशेजारी पिवळं शोभून दिसतं म्हणून.

मेस्त्रींकडे दुसरं पातं सांगितलंय, दिवाळीनंतर करायला. पाठ अडीच मिलिमीटर, रिवेट लोखंडाचे, मुठीखाली टँगवर राळेचा लेप. पाइपाचं म्यान बघून त्यांनी आपल्या कोयतीसाठी तसंच एक मागितलं. कोयतीचं पातं वाकडं असल्यामुळे ते कसं दाबायचं हे मला अजून सुचलेलं नाही.